मावळ्यांच्या मापाचा किल्ला

आमच्या घरी बिस्किटांचा एक जुना, चौकोनी, पत्र्याचा डबा आहे. त्यात एकेचाळीस मावळे राहतात. वर्षातले साडेतीनशे दिवस ते वर्तमानपत्राच्या तुकड्यांत गुंडाळून माळ्यावर पडून असतात. वसुबारस आठ दिवसांवर आली की डबा खाली येतो, कागद सुटतात आणि गणती होते. कुणाची ढाल उडालेली असते, कुणाचे नाक. एका स्वाराचा घोडा गेली वीस वर्षे तीन पायांवर उभा आहे. त्याला दर वर्षी खडूच्या तुकड्याचा टेकू लागतो. डब्याबरोबर एक वहीही आहे. कोणता मावळा कोणत्या साली, कुठून, कितीला घेतला आणि कधी जखमी झाला, ते तीत लिहिलेले असते. पहिली नोंद १९६४ सालची, वडिलांच्या हातची: ‘भालदार, कुंभारवाडा, दहा पैसे.’ आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, या घरात सोन्याचा हिशेब कधी नीट लिहिला गेला नाही, पण मावळ्यांचा मात्र पैशापैशाचा आहे. त्यात खोटे काही नाही.

त्या वेळी आम्ही पुण्यात कसब्यात वाड्यात राहत होतो. दिवाळीची सुट्टी लागली की वाड्याच्या चौकात किल्ल्याचे काम निघे. विटांचे तुकडे, दगड, फुटकी कौले यांचा ढीग करायचा, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट अंथरायचे, त्याच्या सुरकुत्या पडतील तिथे आपोआप कडे आणि घळी तयार व्हायच्या. मग वरून चाळलेल्या मातीचा लेप. हळीव आणि मोहरी आधीच पेरायची, कारण कोंब यायला चार दिवस लागत आणि लक्ष्मीपूजनाला गड हिरवा दिसायलाच हवा. विहिरीला नारळाची करवंटी, तळ्याला फुटक्या आरशाचा तुकडा, कारंज्याला ओळखीच्या कंपाउंडरकडून मिळवलेली सलाइनची नळी आणि इंजेक्शनची सुई. गुहेत वाघ. वाघाशेजारी गवळण, कारण तिला ठेवायला दुसरीकडे जागा नसे.

या सगळ्यात वडिलांचा एकच नियम होता. ते किल्ला करू लागत नसत, फक्त सुरुवातीला येऊन उकिडवे बसत. महाराजांची सिंहासनावर बसलेली मूर्ती एका विटेवर ठेवत आणि म्हणत, ‘‘हं, आता याभोवती रचा.’’ आधी महाराज, मग गड. दरवाजा करायचा तर डब्यातला सर्वांत उंच मावळा तिथे उभा करायचा, त्याच्या मुंडाशाच्या वर दोन बोटे सोडायची आणि मग कमान वळवायची. तटाची उंची मावळ्याच्या छातीपर्यंत. म्हणजे तो आत उभा राहिला तरी बाहेरून दिसेल. पुढे मी मापाच्याच धंद्यात पडलो. भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये साचे करण्यात छत्तीस वर्षे गेली, मिलिमीटरचा शंभरावा भाग बघत. पण माप कशाचे घ्यायचे आणि कशाला द्यायचे, हे मी प्रथम त्या चौकात शिकलो.

२०१७ साली आम्ही चिंचवड सोडून मुलाबरोबर मारुंजीला राहायला आलो. मारुंजी हे मुळशी तालुक्यातले भातशेतीचे गाव. शेजारी हिंजवडीत आयटी पार्क झाले आणि तिथल्या नोकरदारांना घरे हवी म्हणून भाताच्या खाचरांत टॉवर उगवले. आमच्या बाल्कनीतून एका बाजूला चौदा मजल्यांची रांग दिसते आणि दुसऱ्या बाजूला उरलेली दोन-चार खाचरे. मावळे ज्यांच्यावरून आले ती माणसे याच खोऱ्यांची. पौड मावळ इथून हाकेच्या अंतरावर. मी नातवाला हे सांगितले, तेव्हा तो बाल्कनीतून बराच वेळ खाली बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘इथले? कॅब घ्यायला उभे राहतात तिथले?’’

आता गंमत अशी, की या गावात जिकडे बघाल तिकडे माती उकरून ठेवलेली आहे. पायाचे खड्डे, मुरमाचे डोंगर, रस्त्याकडेला डबर. फक्त आमच्या सोसायटीत मूठभर माती मिळत नाही. खाली सगळीकडे फरशी आणि पेव्हर ब्लॉक. तरी २०२२ पर्यंत मुले कुठून कुठून पोती आणून पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ला करत. मग एका दिवाळीत अवकाळी पाऊस आला, किल्ला वाहून थेट गटाराच्या चेंबरमध्ये गेला, पाणी तुंबले आणि तळघरातला पंप जळला. खर्च वर्गणीतून गेला. पुढच्या वर्षी नोटीस लागली : आवारात माती आणण्यास मनाई, तयार किल्ला ठेवण्यास हरकत नाही. कमिटीवर मी रागावलो होतो, हे कबूल करतो. पण पंपाचे बिल मी पाहिले होते, त्यामुळे बोलता आले नाही.

अशा रीतीने २०२४ च्या दिवाळीत सूनबाईंनी वाकडच्या रस्त्यावरून तयार किल्ला आणला. प्लास्टर ऑफ पॅरिसचा. अडीच फूट लांब, दोन फूट रुंद, चार बुरूज, पिवळ्या पायऱ्या, तपकिरी-हिरव्या रंगाचा फवारा आणि माथ्यावर प्लास्टिकचा भगवा. उचलून बघितला तर आतून पोकळ. काथ्याच्या धाग्यांवर प्लास्टरचे थर दिलेले. काम वाईट नव्हते. नातू, वय वर्षे आठ, हरखून गेला. मी डबा काढला, कागद सोडवू लागलो. नातवाने पहिल्यांदा महाराजांना उचलले, किल्ल्यापाशी नेले, इकडून ठेवून पाहिले, तिकडून ठेवून पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाला,

‘‘आजोबा, महाराज मावत नाहीत.’’

सिंहासनासाठी केलेला चौथरा काड्यापेटीएवढा होता. आमचे महाराज सहा इंचांचे. दरवाजा दोन इंच उंचीचा आणि मावळे चार-चार इंचांचे. आत जायचे तर त्यांना सरपटत जावे लागले असते. भालदार तटावर उभा केला तर बुरूज त्याच्या गुडघ्याला आला. शेवटी महाराज टीव्हीच्या टेबलावर बसले आणि किल्ला खाली बाल्कनीत राहिला. चार दिवस असेच गेले. पाहुणे आले, कौतुक करून गेले, कुणाला काही खटकले नाही. मला मात्र जेवताना समोर टीव्हीशेजारी बसलेले महाराज दिसत आणि घास नीट जात नसे.

खरे तर प्रमाणबद्धता आमच्या मातीच्या किल्ल्यातही कधीच नव्हती. त्यातली कोंबडी हत्तीच्या निम्मी असे आणि शेतकऱ्याचा बैल महाराजांच्या घोड्यापेक्षा थोर. पण तो विसंगतपणा आमचा आम्ही ठरवलेला होता. कोंबडी मोठी तर खुराडे मोठे करायचे, दोन मुठी चिखल जास्त लागला इतकेच. प्लास्टरला दोन मुठी लावता येत नाहीत.

दिवाळी संपल्यावर मी एक दिवस ठरवून पुण्याला कुंभारवाड्यात गेलो. लहान मापाचे मावळे मिळाले तर बघावे, आणि जमले तर हे माप कोण ठरवते तेही विचारावे, असा विचार होता. हंगाम उलटून गेला होता, त्यामुळे बोलायला लोकांना वेळ होता. एका घराच्या ओट्यावर पन्नाशीच्या एक बाई उरलेल्या पणत्या टोपलीत भरत होत्या. मी खिशातून १९६४ चा भालदार काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा केला, तळावर बोट फिरवले, नख मारून आवाज ऐकला.

‘‘भाजलेला आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आमच्या सासऱ्यांच्या वेळचा असंल.’’

‘‘ताई, आता असे का करत नाही?’’

‘‘करते की. पण काका, याला आठ दिवस लागतात. माती भिजवा, मळा, साच्यात दाबा, दोन बाजू जोडा, सावलीत वाळवा, भाजा, मग रंग. ऊन लागलं तर तडकतो, ओला राहिला तर भट्टीत फुटतो. प्लास्टरचा साचा अर्ध्या तासात मोकळा होतो. भट्टी पेटवली की धुराची तक्रार येते ती निराळीच. आणि माती कुठून आणू? ज्या शेतातली आणायचो तिथं बिल्डिंग झाली.’’

‘‘पण हे माप कोण ठरवतं? किल्ले इतके लहान का?’’

त्या हसल्या. ‘‘टेम्पो ठरवतो. टेम्पोत एकावर एक किती किल्ले बसतात, त्यावर किल्ल्याचं माप. नाहीतर मग गिऱ्हाइकाची बाल्कनी ठरवते. आणि किल्ला बघून मावळे.’’

टूलरूममध्ये असतो तर मी हे वाक्य फळ्यावर लिहिले असते. आमच्या वेळी मावळ्यांच्या मापाने किल्ला होत असे. आता किल्ल्याच्या मापाने मावळे होतात, आणि किल्ल्याचे माप बाल्कनीवरून येते. मी राहतो त्या घराच्या बाल्कनीवरून!

साच्यांविषयी मात्र त्यांनी मला बरेच शिकवले, आणि थोडे मीही त्यांना. जुना मावळा बघा. त्याचा तलवारीचा हात नेहमी अंगाला चिकटलेला असतो, ढाल छातीवर. याचे कारण कारागिराची हौस कमी होती असे नाही. मातीचा साचा दोन कडक तुकड्यांचा असतो. हात बाहेर काढला तर तो साच्यात अडकतो, सुटत नाही. आमच्या भाषेत याला अंडरकट म्हणतात. म्हणून जुन्या मावळ्याचा भाला वेगळा असतो; मुठीत भोक आणि भोकात झाडूची काडी. आता रबराचे साचे आले. रबर ओढून सोलता येते, त्यामुळे मावळा तलवार उगारू शकतो, घोडा दोन पायांवर उभा राहू शकतो. दिसायला झोकदार. पण प्लास्टर ठिसूळ; उगारलेली तलवार घरी पोहोचेपर्यंत टिकली तरी नशीब. रंगाखालून पांढरे दिसू लागले की मुलाला कळते, आपला मावळा आतून खडूचा आहे. माझा भालदार फुटला तर आतूनही लाल असेल.

प्लास्टरची कथा साधी आहे. जिप्सम नावाचा खनिज दगड सुमारे दीडशे अंश सेल्सियसला भाजला की त्यातले तीन चतुर्थांश पाणी उडून जाते आणि पांढरी भुकटी उरते. पॅरिसजवळ या दगडाच्या मोठ्या खाणी होत्या, म्हणून ते नाव. भुकटीत पुन्हा पाणी घातले की ती काही मिनिटांत परत दगड होते. आपल्याकडे जिप्सम मुख्यतः राजस्थानातून येते. साचा स्वस्त, वेळ कमी, भट्टी नको, शिवाय वजनाला हलके. कुंभाराच्या घरातल्या बाईने ते का नाकारावे? २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तींसाठी प्लास्टर नको अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला मुभा दिली, पण नैसर्गिक पाणवठ्यात विसर्जनावर निर्बंध ठेवले. किल्ल्याचे विसर्जन कोणी करत नाही, तो फुटला की कचऱ्याच्या गाडीत जातो. मातीचा किल्ला मात्र तुळशीच्या लग्नापर्यंत तसाच राहायचा, मग त्याची माती कुंड्यांत जायची आणि गोणपाट वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवले जायचे.

मावळे जपणारा मी एकटाच आहे असे मला वाटत होते. तसे नाही. कारखान्यातले माझे एक जुने सहकारी चिंचवडला राहतात. त्यांच्याकडे काचेच्या कपाटात दीडशेच्या वर मावळे आहेत. प्लास्टर आल्यापासून त्यांनी नवा मावळा घेणे बंद केले आणि जुन्या बाजारात, कुणी वाडा पाडत असेल तिथे, मातीचे मावळे शोधू लागले. त्यांचे मावळे आता दिवाळीतही बाहेर येत नाहीत, फुटतील म्हणून. तळेगावच्या एक निवृत्त शिक्षिका याच्या उलट. त्या प्लास्टरचे मावळे पांढरेच विकत घेतात आणि घरी नव्याने रंगवतात, अंगरख्याच्या बंदासकट. त्यांना प्लास्टरचा राग नाही, पण दर दोन वर्षांनी माप बदलते याचा आहे. एका साली घेतलेला हवालदार पुढच्या साली घेतलेल्या सैनिकांच्या खांद्याला लागतो, मग फौज कशी मांडायची? माझा एक भाचा न्यू जर्सीत आहे. तो खोक्यांच्या पुठ्ठ्याचा किल्ला करतो आणि इथून बॅगेत नेलेले अकरा मावळे त्यावर मांडतो. त्याचा किल्ला अजून मावळ्यांच्या मापाने होतो, कारण तिकडे तयार किल्ला मिळत नाही.

ही कुरकुर आपल्याकडचीच आहे असेही नाही. लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने १८९३ साली पोकळ शिशाचे खेळण्यातले सैनिक काढले. साच्यात वितळलेले शिसे ओतायचे, कडेचे गोठले की मधले परत ओतून काढायचे; धातू वाचतो, सैनिक हलका होतो. उंची ५४ मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांना थोडी जास्त. एच. जी. वेल्स हे मोठे लेखक, पण १९१३ साली त्यांनी अशा सैनिकांच्या लढाया जमिनीवर कशा खेळाव्यात यावर पुस्तक लिहिले. त्यांच्या लढाईत घरे आणि किल्ले लाकडी ठोकळ्यांचे असत, सैनिक आडोशाला मावेल असे हाताने रचलेले. १९६६ मध्ये शिशाच्या विषारीपणाची धास्ती आणि वाढता खर्च यामुळे ब्रिटन्सने शिशाचे सैनिक बंद केले आणि प्लास्टिककडे मोर्चा वळवला. लोकांनी उरलेले जपून ठेवले. पुढे तयार घरे, बुरूज, तटबंद्या राळेच्या नि फोमच्या येऊ लागल्या, काही कंपन्यांनी सैनिकही ६० मिलिमीटरचे केले. सहा मिलिमीटरच फरक. पण जुना सैनिक नव्या वेशीत उभा केला की पोरसवदा दिसतो, यावरून तिकडचे संग्राहक आपसांत भांडत आले आहेत. चिंचवडच्या सहकाऱ्यांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांना फार बरे वाटले. आपला वेडेपणा जगभर आहे म्हटल्यावर माणसाला धीर येतो.

मला मात्र कपाटातले मावळे पाहून धीर आला नाही. माझा तक्रारीचा मुद्दा वेगळा आहे, आणि तो मांडायला मला वर्ष लागले. तयार किल्ल्याला समोर एक सरळ दरवाजा असतो आणि दरवाजापर्यंत सरळ पायऱ्या. किल्ला असा नसतोच. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा लपवलेला आहे की, अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. शत्रूला वळण घ्यायला लावायचे, हत्तीला धडक मारायला धाव मिळू द्यायची नाही, वरून मारा करायचा. गोमुखी बांधणी म्हणतात ती हीच. मी नववीत असताना चौकातल्या किल्ल्याला सरळ दरवाजा केला, तेव्हा वाड्यातल्या एका मोठ्या मुलाने बोटाने धक्का देऊन तो पाडला आणि म्हणाला, ‘‘बघ, घेतला तुझा गड.’’ ते मला कोणत्याही पुस्तकातून इतके समजले नसते. पाण्याचेही तसेच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात बजावले आहे की, आधी पाणी पाहावे आणि मग गड बांधावा. नसेल तर खडक फोडून टाकी करावीत. करवंटीची विहीर करणाऱ्या मुलाला निदान प्रश्न पडतो, एवढे लोक वर राहतात तर पाणी कुठून पितात? वाकडच्या किल्ल्यावर पाण्याचा थेंब नव्हता. निळा रंगसुद्धा नव्हता.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले : रायगड, राजगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर, प्रतापगड, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी आणि तामिळनाडूतला जिंजी. नातवाच्या शाळेत तक्ता लागला आणि त्याने फर्मान काढले, यंदा राजगड. राजगडाला तीन माच्या आणि वर बालेकिल्ला. एखाद्या पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा त्याचा आकार. मी त्याला घेऊन एका स्टॉलवर गेलो. विक्रेत्याने एक किल्ला दाखवला. मागच्या वर्षी आम्ही घेतला होता तोच. चार बुरूज, पिवळ्या पायऱ्या. त्याने ‘प्रतापगड’ची पाटी काढून ‘राजगड’ची लावली. नातू म्हणाला, ‘‘याला माच्या कुठे आहेत?’’ विक्रेता भला माणूस, तो म्हणाला, ‘‘बाळा, माच्या तू कर.’’

तोपर्यंत माझे कुंभारवाड्यातले काम थोडे पुढे सरकले होते. त्या ताईंनी सांगितले होते, तीस-चाळीस घरे जमवा, जुना साचा काढून मातीचे मावळे करून देते. मी वही घेऊन फिरलो, फोन केले, जुन्या मित्रांना गाठले. अकरा घरे जमली. बाकीच्यांनी ‘‘छान कल्पना आहे’’ असे म्हटले. अकरा घरांसाठी वेगळी भट्टी परवडणार नव्हती. ताई म्हणाल्या, ‘‘पणत्यांच्या भट्टीत कडेला टाकते. तडकले तर भांडायचं नाही.’’ चोवीस टाकले, एकोणीस हाती आले. माझ्या वाट्याला दोन. एकाचा कान भट्टीतच गेला होता, पण मी भांडलो नाही. ठरलेच होते तसे.

राहिली जागा. सोसायटीच्या भिंतीपलीकडे गावठाणात एक शेतकरी राहतात, सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांची बरीच जमीन गेली, दोन खाचरे, गोठा आणि अंगण राहिले आहे. सकाळी फिरायला जाताना आमची राम राम होई, इतकीच ओळख. मी भीत भीत विचारले, थोडी माती मिळेल का?

‘‘माती हाय की,’’ नाना म्हणाले. ‘‘पर न्यायची कुठं? तुमच्याकडं चालत नाही म्हणत्यात. इथंच करा अंगणात.’’

सोसायटीतली चार मुले, नानांची नात आणि नातू, असे सहा जण कामाला लागले. खाचराची काळी माती चिकट, पण वाळताना भेगाळते. पहिल्या दिवसाचा सुवेळा माचीचा तट संध्याकाळपर्यंत फाटला. नाना गोठ्यातून बघत होते. त्यांनी पाटीभर भाताचे तूस आणून टाकले आणि म्हणाले, यात कालवा. शेजारच्या खड्ड्यातला मुरूम चाळून मिसळला, तूस कालवले आणि तट उभा राहिला तो शेवटपर्यंत. गोणपाटाला भातेणाचा आधार दिला. हळीव सूनबाईंनी आणून दिले. मी वडिलांसारखाच उकिडवा बसलो, विटेवर महाराज ठेवले आणि ‘‘आता याभोवती रचा’’ एवढे बोलून उठलो. म्हणजे उठायचे ठरवले होते. गुडघ्यांमुळे नानांना हात द्यावा लागला.

दरवाजाच्या वेळी नातवाने १९६४ चा भालदार उभा केला आणि मुंडाशाच्या वर दोन बोटे धरली. बोटे त्याची, म्हणून कमान जरा बुटकी झाली. नानांच्या नातीने दरवाजासमोर एक बुरूज आडवा घातला. तिला गोमुख कोणी सांगितले नव्हते. तिचे म्हणणे होते, समोर कुत्रे बसते ते सरळ आत घुसेल.

मागच्या वर्षीच्या प्लास्टरच्या किल्ल्याचे काय करायचे, असा प्रश्न मला पडला होता. सूनबाईंनी हौसेने आणलेला, टाकवत नव्हता. नातवाने तो उचलून नेला आणि अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, गोठ्याच्या भिंतीवर ठेवला.

‘‘तो तोरणा,’’ तो म्हणाला. ‘‘लांब आहे ना, म्हणून लहान दिसतो.’’

मी राजगडाच्या बालेकिल्ल्याजवळ डोके नेऊन, एक डोळा मिटून पाहिले. खरोखर, भालदाराच्या खांद्यावरून तोरणा नीट दिसत होता, अगदी मापात. साचे करण्यात छत्तीस वर्षे घालवून मला हे सुचले नव्हते.

दिवाळीनंतर महाराज आणि मावळे घरी आणले, पुसले, कागदात गुंडाळायला घेतले. जुने एकेचाळीस आणि नवे दोन, म्हणजे त्रेचाळीस हवे होते. बेचाळीस भरले. डबा उपडा केला, कागद झटकले, पुन्हा मोजले. बेचाळीस. नातू दारात उभा होता.

‘‘एक नानांच्या नातीला दिला,’’ तो म्हणाला. ‘‘तिच्याकडे एकपण नव्हता.’’ आणि माझा चेहरा बघून घाईने म्हणाला, ‘‘भालदार नाही दिला. कान नसलेला दिला.’’

मी वही काढली. कान नसलेल्या मावळ्याच्या नोंदीपुढे तारीख घातली आणि लिहिले : ‘सुस्थितीत. मुक्काम मारुंजी गावठाण.’